कानाची उंची

स्पीकर घ्यायला गेलं की दुकानदार खोलीची लांबी-रुंदी विचारतो, बजेट विचारतो, अ‍ॅम्प्लिफायर किती वॉटचा आहे ते विचारतो. ऐकणाऱ्याचा कान जमिनीपासून किती उंचीवर आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर आधीच गृहीत धरलेलं असतं. ऐकणारा सोफ्यावर बसणार, सोफ्याची बैठक 40-45 सेंटिमीटर उंच असणार, वजनाने ती थोडी दबणार, माणूस जरा रेलणार आणि त्याचा कान 90 ते 100 सेंटिमीटरवर येणार. बहुतेक घरगुती स्पीकरांचे वरचे स्वर देणारे ट्वीटर याच पट्ट्यात येतील अशी आखणी असते. टॉवर स्पीकरची उंची त्यावरून ठरते, छोट्या स्पीकरांखालचे 60 सेंटिमीटरचे स्टँडही त्यावरूनच ठरतात. प्रत्येक स्पीकरच्या पेटीत असा एक न दिसणारा सोफा असतो.

माझी ताई व्हीलचेअर वापरते. तिच्या खुर्चीची बैठक 50 सेंटिमीटरवर आहे, त्यावर अंगाचा दाब विभागणारी जाड उशी आहे आणि पाठ सरळ राहील अशी तिची बसण्याची रीत आहे. तिचा कान जमिनीपासून 116 सेंटिमीटरवर येतो. सोफ्यावरच्या माणसापेक्षा साधारण एक वीत वर. घरात नवे स्पीकर घ्यायचे ठरले, तेव्हा या एका वितेपासून आमचा विचार सुरू झाला. घरात गाण्याची जाण सगळ्यांत जास्त तिला आहे. सवाई गंधर्व महोत्सवाच्या भारतीय बैठकीत तिने रात्रीच्या रात्री काढलेल्या आहेत. तानपुरे लागत असताना कुणी बोललं तर अजूनही तिच्या कपाळावर आठी पडते.

वीतभर अंतराने एवढं काय बिघडतं, असं कुणालाही वाटेल. सगळ्याच स्वरांचं बिघडत नाही, आणि गंमत तिथेच आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. काळी एक पट्टीतल्या मध्य षड्जाची कंपनं सेकंदाला साधारण 139, म्हणजे त्याची एक लहर जवळजवळ अडीच मीटर लांब. एवढी लांब लहर खोलीतल्या खुर्च्या-टेबलांना वळसा घालून सगळीकडे पसरते. तिला तुमचा कान वर आहे की खाली, याने फरक पडत नाही. पण सेकंदाला 10,000 कंपनं असलेल्या आवाजाची लहर जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची. ती ट्वीटरच्या 25 मिलिमीटरच्या पडद्यातून निघते आणि कंपनं जितकी वाढतात तितकी सरळ रेषेत, झोतासारखी पुढे जाते. म्हणजे स्वर ताईपर्यंत पोचतोच. कमी होते ती त्याची धार: तानपुऱ्याच्या जवारीतून सुटणारी किनार, तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’, बंदिशीतल्या ‘स’ आणि ‘त’ची कड, सम गाठण्याआधी गायकाने घेतलेला श्वास. गाणं ऐकू येतं, पण गायक समोर बसल्यासारखा वाटत नाही. जिला हा फरक कळतो तिच्याच वाट्याला असं अर्धं गाणं यावं, हे मला मान्य नव्हतं.

दुसरं कारण स्पीकरच्या आतल्या जोडणीत आहे. साध्या दोन युनिटांच्या स्पीकरमध्ये खालचे स्वर वूफर देतो, वरचे ट्वीटर देतो. बऱ्याच स्पीकरांत 2,000 ते 3,000 कंपनांच्या आसपास एक जण थांबतो आणि दुसरा सुरू होतो. या सीमेवर दोघंही एकच आवाज काढत असतात. ही सीमा आखणारी जोडणी, म्हणजे क्रॉसओव्हर, बसवणारा अभियंता हिशोब असा करतो की ठरलेल्या उंचीवरच्या कानाशी दोघांचा आवाज हातात हात घालून यावा. कान त्या रेषेच्या वर गेला की ट्वीटर जवळ येतो, वूफर लांब राहतो. दोघांच्या मध्यांत 15 सेंटिमीटर अंतर असेल आणि कान 10 अंश वर असेल, तर वाटेत अडीच सेंटिमीटरहून थोडा जास्त फरक पडतो. 2,500 कंपनांच्या लहरीचा हा जवळजवळ पाचवा हिस्सा. कोन आणखी वाढला की दोन आवाज एकमेकांना खाऊ लागतात आणि त्या पट्टीत खड्डा पडतो. आपला कान सगळ्यांत हळवा असतो, तो याच भागाच्या आसपास.

आता कोन किती पडतो, हे अंतरावर असतं. मोठ्या दिवाणखान्यात तीन मीटरवरून ऐकणाऱ्याला वीतभराचा फरक चार-सव्वाचार अंशांचा. मध्यम फ्लॅटमध्ये ऐकणारा दीड मीटरवर असतो, आणि तिथे 60 सेंटिमीटरच्या स्टँडवरचा छोटा स्पीकर असला तर कोन दहा अंशांपर्यंत जातो. खोली लहान असेल तितकी उंची जास्त महत्त्वाची. पुण्यामुंबईकडच्या घरांना ही गोष्ट म्हणूनच जास्त लागू पडते.

हे घरच्या घरी पाहता येतं. तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावा, किंवा जुन्या रेडिओवर दोन स्टेशनांच्या मधला सलग खरखराट लावा. स्पीकरसमोर उभं राहा आणि डोकं सरळ ठेवून हळूहळू खाली बसत जा. एका उंचीवर आवाज एकदम उजळतो आणि त्याखाली-वर मळतो. तो उजळ पट्टा कधी रुंद असतो, कधी चार बोटांचा. स्पीकर निवडायचा म्हणजे खरं तर तो पट्टा कुठे आहे आणि किती रुंद आहे, हे पाहायचं.

स्टिरिओची मूळ कल्पना ज्याने मांडली त्या अ‍ॅलन ब्लूमलाइनने 1931 साली इंग्लंडमध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन स्पीकरांमधून आवाजाला जागा देण्याची ती युक्ती होती: गायक मध्ये, तबला उजवीकडे, हार्मोनियम डावीकडे. आजही दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण करायचा, हाच धडा दिला जातो. पण हा सगळा नकाशा डाव्या-उजव्याचा आहे. कोण किती उंचीवर बसला आहे, हे दोन स्पीकर सांगू शकत नाहीत. उंचीचा प्रश्न घरातल्या फर्निचरवर सोडलेला आहे. आणि फर्निचर चालत्या माणसांसाठी ठरलेलं असतं.

दुकानात ताई स्वतः आली. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आजूबाजूला इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं दाटीने आहेत, पण तिथे ऐकून पाहायला निवांत खोली मिळणं कठीण. म्हणून उपनगरातल्या एका दुकानात गेलो. ऐकण्याच्या खोलीत मधोमध सोफा होता आणि सगळे स्पीकर त्याच्याकडे तोंड करून मांडलेले होते. विक्रेता मुलगा मनापासून मदत करणारा होता. म्हणाला, “काकू, तुम्ही आरामात सोफ्यावर बसा ना, मी हात देतो.” ताई म्हणाली, “बाळा, घरी मी या खुर्चीतच ऐकणार आहे. मग इथे सोफ्यावरून ऐकून काय उपयोग?” त्याला पटलं. त्याने सोफा बाजूला सरकवला आणि ताई त्या जागी आली. पहिलाच महागडा टॉवर स्पीकर तिच्या कानाला झाकलेला वाटला. मी तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसून ऐकला, तर तोच स्पीकर लख्ख होता. स्पीकरची किंमत तीच होती, गाणंही तेच होतं. तिथून पुढे आम्ही प्रत्येक जोडी तिच्या उंचीवरूनच तोलली, आणि तो मुलगाही एकेका स्पीकरखाली पुस्तकं सरकवून उंची बदलून दाखवू लागला.

हेडफोन का नाही, असं बरेच जण विचारतात. हेडफोनला उंचीचा प्रश्नच नसतो, हे खरं आहे. पण व्हीलचेअरवरच्या माणसाला मागे कोण आलं हे आवाजावरूनच कळतं. मान किंवा खुर्ची वळवायला कष्ट पडतात. दाराची घंटा, कुकरची शिट्टी, शेजारणीची हाक या सगळ्यांशी ताईचं नातं कानाचं आहे. शिवाय गाणं तिने नेहमी माणसांत ऐकलेलं आहे. कुणाच्या तरी तोंडून निघालेल्या ‘क्या बात है’खेरीज तिला मैफल पुरी वाटत नाही. कान बंद करून घेणं हा तिच्यासाठी उपाय नाही.

मग उपाय तीन उरतात. पहिला, स्पीकर उचलायचे. 35 सेंटिमीटरच्या छोट्या स्पीकरचा ट्वीटर तळापासून साधारण 28 सेंटिमीटरवर असतो. तो 116 वर आणायचा तर 88 सेंटिमीटरचं स्टँड लागतं. इतकं उंच स्टँड बाजारात सहज मिळत नाही, फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावं लागतं. आणि उंच स्टँडवरचा जड स्पीकर व्हीलचेअरच्या धक्क्याने कलंडू शकतो. फूटरेस्ट खुर्चीच्या बरेच पुढे असतात आणि वळताना ते कुठे टेकतील याचा नेम नसतो. असं स्टँड करायचं तर तळाची पट्टी रुंद, लोखंड जाड आणि पोकळ खांबात कोरडी वाळू भरलेली हवी.

दुसरा उपाय सगळ्यांत स्वस्त आहे आणि तोच सगळ्यांत कमी लोक करतात: स्पीकर जागेवर ठेवून त्याचं तोंड वर करायचं. पेटी 25 सेंटिमीटर खोल असेल तर पुढच्या बाजूखाली साधारण अडीच सेंटिमीटरची पाचर दिली की ती सहा अंशांनी मागे कलते. ट्वीटरचा झोत थेट कानाकडे वळतो आणि ट्वीटर-वूफरचं नातंही कानाच्या रेषेत येतं. ज्याच्याकडे आधीचेच स्पीकर आहेत त्याने नवे घेण्याआधी सुताराकडून सागवानी पाचरांची एक जोडी करून घ्यावी. यात नवीन काही नाही. अमेरिकेतल्या व्हँडरस्टीनच्या स्पीकरांत ऐकणाऱ्याचं अंतर आणि कानाची उंची पाहून पेटी किती कलवायची, याचा तक्ताच माहितीपुस्तकात असतो. इंग्लंडच्या क्वाडने 1957 साली बाजारात आणलेला प्रसिद्ध इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आखूड पायांवर, मागे रेलूनच उभा असतो. हे करणाऱ्यांनी ऐकणारा कुठे बसला आहे, याचा विचार केला होता. कानाकडे वळणं हे स्पीकरचं काम आहे, हा विचार त्यांच्या पाचरांत आणि पायांत दिसतो.

तिसरा उपाय स्पीकरच्या जातीचा. काही स्पीकरांत ट्वीटर वूफरच्या मध्यभागीच बसवलेला असतो. टॅनॉयने अशी रचना 1947 मध्ये आणली, केईएफने 1988 मध्ये ती आपल्या पद्धतीने पुढे नेली. या जातीला कोअ‍ॅक्शिअल म्हणतात. दोन्ही आवाज एकाच बिंदूतून निघत असल्यामुळे कान वर गेला काय, खाली आला काय, त्यांच्यातलं अंतर बदलत नाही. उजळ पट्टा रुंद होतो. ताईला दिवसातून मधूनमधून खुर्ची मागे कलवून पाठीवरचा ताण बदलावा लागतो, आणि तेव्हा तिच्या कानाची जागाही बदलते. तिला एका उंचीवर खिळवून ठेवणारा स्पीकर कामाचा नव्हता. त्याउलट लांबट रिबन ट्वीटरांचा आवाज कितीही रेशमी असला तरी वर-खाली त्यांचा पट्टा अरुंद असतो. ऐकायला ते ताईला आवडले होते. खुर्ची कलवून पुन्हा ऐकल्यावर तिनेच त्यांना नकार दिला.

कोअ‍ॅक्शिअल ही जात ठरली, तरी खोली उरतेच. आपल्याकडच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत व्हीलचेअर वळवायला 150 सेंटिमीटर व्यासाची मोकळी जागा सांगितलेली आहे. ध्वनिशास्त्र म्हणतं स्पीकर भिंतीपासून दूर ठेवा, मध्ये सतरंजी किंवा गालिचा घाला म्हणजे फरशीवरून उसळणारा आवाज मऊ होईल. चाकं म्हणतात जमीन मोकळी ठेवा, जाड गालिचा नको, केबल तर मुळीच नको. दोन्ही खरं आहे, आणि अशा वेळी चाकांचं ऐकायचं असतं. फरशी मोकळी ठेवली आणि मऊपणा भिंतीवर नेला. ताईच्या मागच्या भिंतीवर आईच्या हातची जाड गोधडी टांगली, बाजूला पुस्तकांचं कपाट भरगच्च ठेवलं. स्पीकर भिंतीतल्या लोखंडी ब्रॅकेटवर चढवले. मध्यभागी युनिट असलेली 30 सेंटिमीटरची पेटी, म्हणून ब्रॅकेटची फळी 101 सेंटिमीटरवर. खालून फूटरेस्ट बिनधास्त फिरतात, धक्का लागून पडेल असं काही उरलं नाही. भिंतीजवळ आल्याने खालचे स्वर फुगतात, म्हणून पेटीच्या मागच्या पोर्टात, म्हणजे हवा जाण्याच्या भोकात, फोमचं बूच बसवून ते आवरते घेतले. सगळ्या केबल भिंतीवरच्या पट्टीतून नेल्या.

आणि उंचीचा हिशोब स्पीकरवर संपत नाही. गाणं स्वतः लावता आलं पाहिजे. दुसऱ्याने लावून दिलेलं गाणं आणि आपण निवडलेलं गाणं यांत मोठा फरक असतो. बसल्या जागेवरून हात आरामात पोचतो तो जमिनीपासून साधारण 40 ते 120 सेंटिमीटरच्या मध्ये. अ‍ॅम्प्लिफायर, त्याचं बटण, भिंतीवरचा स्विच, रेकॉर्डचा कप्पा हे सगळं त्या पट्ट्यात यायला हवं. रेकॉर्ड प्लेअर कपाटात खोल ठेवला तर सुई टेकवणं अशक्य. तो अशा टेबलावर हवा की गुडघे खाली सरकतील आणि तबकडी छातीसमोर येईल. ताईने पहिल्यांदा स्वतः रेकॉर्ड काढली, पुसली, ठेवली आणि सुई टेकवली, तेव्हा काय ऐकायचं हे तिने कुणालाच विचारलं नाही.

या सगळ्या मोजमापांतून मला जे कळलं ते आवाजापुरतं नाही. व्हीलचेअरवरच्या माणसाशी जग बहुतेक वेळा वरून बोलतं. उभी माणसं ताईच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलतात, बँकेचा काउंटर तिच्या कपाळाशी येतो, डॉक्टर तिच्याबद्दलचं मला सांगतात. जे प्रेमाने वाकून बोलतात त्यांचं वाकणंही तिला दिसतं. पूर्वी बैठकीत कलाकार चार बोटं उंच बिछायतीवर असे आणि ती समोर जमिनीवर, जवळजवळ नजरेला नजर. ती सपाटी तिच्या आयुष्यातून गेली होती. स्पीकर तिच्या कानाशी आल्यापासून गायक तिच्या समोर, तिच्या उंचीवर बसतो. विलंबित ख्यालातली जागा आली की तिची मान तशीच हलते जशी बैठकीत हलत असे. कुणी वाकत नाही, कुणी वरून बोलत नाही. दोन बरोबरीची माणसं समोरासमोर बसावीत तसं ते आहे.

स्टिरिओमध्ये एक कठोर गोष्ट आहे. त्याची सर्वांत चांगली जागा एकच असते, त्रिकोणाच्या टोकाची. बाकीचे थोडं कमी ऐकतात. म्हणून स्पीकर मांडताना घराला ठरवावंच लागतं की ही जागा कुणाची. बहुतेक घरांत ती कमावत्या पुरुषाच्या सोफ्याची असते, न ठरवता. आम्ही ठरवून ती ताईला दिली, आणि त्यात उपकार काही नव्हता. मी उशी घेऊन उंच बसू शकतो, जमिनीवर लोळू शकतो, उभा राहू शकतो, एक फूट डावीकडे सरकू शकतो. ज्याला हलता येतं त्याने हलावं आणि ज्याला हलणं कठीण त्याच्याकडे गाण्याने चालत जावं, इतका हा साधा न्याय आहे. शिवाय ताईच घरातली सर्वांत निश्चित श्रोती आहे. आमच्या कानांची उंची मिनिटामिनिटाला बदलते. तिच्या बसण्याच्या आणि रेलण्याच्या अशा दोनच उंची आहेत, त्या मोजून झाल्या आहेत. कुठल्याही अभियंत्याला याहून स्पष्ट उत्तर कोण देईल?

घरात हे जमतं, कारण घराची फळी आपल्या हाताने वर-खाली करता येते. सभागृहांत जमत नाही. तिथे व्हीलचेअरची जागा असलीच तर शेवटच्या रांगेमागे, दाराजवळ किंवा बाजूच्या वाटेवर असते. आत येता आलं एवढ्यावर समाधान मानायचं, असा त्या जागेचा अर्थ होतो. रॅम्प झाला, हे चांगलंच झालं. पण नाट्यगृहात माणूस दारातून आत येण्यासाठी जात नाही, ऐकायला जातो. ध्वनितज्ज्ञ पंधराव्या रांगेत उभा राहून आवाज तपासतो, तेव्हा त्याने एकदा व्हीलचेअरच्या जागी, व्हीलचेअरच्या उंचीवर बसूनही तो तपासावा. त्यासाठी कायद्यात नवं कलम नको, मोठा खर्च नको. सुताराकडे असते तसली एक टेप हवी आणि विचारायला एक प्रश्न हवा: तुमचा कान किती उंचीवर आहे? तो प्रश्न दुकानदाराने विचारावा, वास्तुरचनाकाराने विचारावा, आणि घरच्यांनी तर सगळ्यांच्या आधी विचारावा.